थोडासा घाबरलेला उल्दिस

‘कसा आहेस?’ असं कुणी विचारलं की आपण ‘बरा आहे’ म्हणून मोकळे होतो. अंगात ताप असला तरी तेच म्हणतो. उल्दिस तसं म्हणत नसे. तो क्षणभर थांबायचा, स्वतःच्या आत डोकावून आल्यासारखा, आणि सांगायचा, ‘थोडा घाबरलोय.’ सकाळी जिन्यात भेटला तरी हेच, कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत भेटला तरी हेच. सुरुवातीला मला वाटलं, याचं इंग्रजी कच्चं असेल, याला दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल. मग वाटलं, ही याची थट्टेची रीत असावी. तो अगदी खरं तेच सांगत होता हे कळायला मला बरेच महिने लागले.

सौदीतल्या अल खोबरमधल्या एका स्पोर्ट्स क्लबात बर्फाचं मैदान आहे. त्याचा सगळा प्लँट माझ्याकडे असतो. मी मूळचा हर्णैचा. वडील बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. तिथं आम्ही बर्फ करायचो तो फोडण्यासाठी. लादी निघाली की ठोकून तिचा चुरा करायचा आणि पापलेट-सुरमईवर पसरायचा. जो बर्फ फुटू द्यायचा नाही, असाही बर्फ जगात करतात हे मला इथं आल्यावर कळलं. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन, आणि आत काँक्रीटखाली नळ्यांचं जाळं, त्यातून चोवीस तास फिरणारा गार द्रव, आणि त्यावर दीड इंचाचा बर्फ. खेळाच्या मधल्या सुट्टीत मी एक यंत्र घेऊन त्यावरून फिरतो. ते बर्फ खरवडतं आणि मागून गरम पाण्याचा हात फिरवतं. माझी बायको रुबीना त्याला ‘सारवायचं यंत्र’ म्हणते. मीही आता तेच म्हणतो.

उल्दिस आला तो ऑगस्टमध्ये. क्लबाने हॉकीचा संघ उभा केला होता, बर्फावरची हॉकी, आणि त्याला गोलकीपर हवा होता. हा लाटवियाचा. तो देश कुठं आहे ते मला नकाशात बघावं लागलं. थंड समुद्राच्या काठाला एवढासा देश, सगळ्या देशाची वस्ती एकट्या पुणे शहराहून कमी. पण हॉकीचं वेड आपल्याकडे क्रिकेटचं असतं तसं. हा बावीस वर्षांचा, उंच, केस फिके, कान उन्हात लगेच लाल होणारे. नाव मात्र आजोबांचं. त्याच्या वयाच्या कुणाचं असं नाव नसतं, असं तो जरा लाजत सांगायचा.

विमानतळावरून त्याला आणलं तेव्हा कोच मारेक त्याला खोली दाखवायला निघाले होते. मारेक साठीचे, स्लोव्हाकियाचे, शांत गृहस्थ. उल्दिसने सांगितलं, खोली नंतर, आधी बर्फ. बर्फ बघितला, वाकून हात लावला, आणि विचारलं की हा बनवतो कोण. अशा रीतीने तो पहिल्याच तासाला माझ्या प्लँटरूममध्ये आला. एवढ्या वर्षांत कुठलाही खेळाडू त्या दारातून आत आला नव्हता. नळ्या, झडपा, तापमानाचे काटे त्याने एकेक करून बघितले. मग कॉम्प्रेसरच्या शेजारी एक उपडी बादली होती तिच्यावर बसला आणि डोळे मिटून दहा मिनिटं आवाज ऐकत राहिला. तिथून पुढे ती बादली त्याचीच झाली. त्या धडधडीत त्याला बरं वाटायचं. घरी त्याच्या खिडकीतून बंदरातल्या बोटींच्या इंजिनांचा असाच आवाज येतो म्हणाला. त्याचे वडील मासळीच्या कारखान्यात कामाला होते. मी म्हटलं, मग आपण एकाच गावचे.

इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं. पण तो बोलायचा तेव्हा मला ‘तुम्ही’च ऐकू यायचं, म्हणून इथंही तसंच लिहितो.

आमचं पहिलं भांडण बर्फावरूनच झालं. मी यंत्र फिरवून आरशासारखा बर्फ करायचो, आणि गेटमधून बाहेर पडतो न पडतो तोच हा गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळात जायचा आणि बुटांच्या पात्यांनी सगळं खरवडून काढायचा. आडवं, उभं, मग पुन्हा आडवं. नुकत्याच सारवलेल्या अंगणात कुणी नांगर घालावा तसं मला व्हायचं. एकदा मी बोललोच. तेव्हा त्याने मला बूट घालून त्या अर्धवर्तुळात उभं केलं आणि हलकेच ढकललं. मी सरळ जाळीत जाऊन पडलो. मग समजावलं, की गोलकीपरला घसरता येणं कामाचं नाही, त्याला थांबता यावं लागतं. सगळ्या मैदानावर बाकीचे दहा जण वेगाने फिरतात, आणि त्याला मात्र पाय रोवायला जागा लागते. त्यानंतर मी काही बोललो नाही. पण तो खरवडायला लागला की काठी उंच करून माझ्याकडे बघायचा, माफी मागितल्यासारखा.

सामन्याआधी तो ओकायचा. प्रत्येक सामन्याआधी, न चुकता. प्लँटरूमच्या मागे एक लहानसं बाथरूम आहे, तिथं यायचा, कारण खेळाडूंच्या खोलीत इतरांना ऐकू गेलं असतं. पहिल्यांदा मी घाबरून पाणी घेऊन धावलो. तो तोंड धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, हे चांगलं लक्षण आहे. गोलकीपरकडे येणारी ती चकती, पक म्हणतात तिला, घट्ट रबराची, तळहाताएवढी. थिजवलेली असते, म्हणजे दगडच. ती मोटारीच्या वेगाने अंगावर येते, आणि माणसाचं सगळं शरीर ओरडून सांगत असतं, बाजूला हो. गोलकीपरने बाजूला व्हायचं नसतं. ‘ज्याला भीती वाटत नाही त्याला ती येताना दिसतच नाही,’ असं त्याचं म्हणणं. पाचव्या वर्षी त्याला गोलमध्ये उभं केलं होतं, कारण दुसरा कुणी मुलगा तयार होईना आणि हा सगळ्यांत लहान होता. त्या दिवशी तो रडला, आणि रडत रडत त्याने सगळे पक अडवले. सतराव्या वर्षी देशाच्या मुलांच्या संघात गेला. गावातल्या बेकरीवाल्या बाई त्याच्याकडून पावाचे पैसे घेईनाशा झाल्या. मग एकोणिसाव्या वर्षी काहीतरी झालं आणि तो मागे पडला. काय झालं ते त्याने तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की इथं वाळवंटात पुष्कळ सामने खेळायला मिळतील, तिकडचे लोक बघतील, आणि परत बोलावतील.

संघाबरोबर तो नव्या गोलकीपरांनाही शिकवत असे. नव्या म्हणजे एकच टिकली, नूफ. कॉलेजात शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी, घर हुफूफचं. तिला घेऊन तिचे वडील दर शनिवारी तास-दीड तास गाडी चालवत यायचे. त्यांच्या खजुराच्या बागा होत्या. पांढऱ्या थोबवर, त्या पायघोळ अरबी झग्यावर, जाडजूड जाकीट चढवून, हातात जपमाळ धरून ते काचेपाशी उभे राहायचे, आणि मुलीच्या अंगावर काही आलं की माळेचे मणी भराभर सरकायचे. उल्दिस तिला आधी काठी देतच नसे. टेनिसचे चेंडू मारायचा आणि तिने दर चेंडूला मोठ्याने सांगायचं, ‘भीती वाटली’ किंवा ‘नाही वाटली’. वाटली नाही म्हणाली की तो थांबायचा आणि विचारायचा, मग तू बघत होतीस कुठे?

एकदा तिचे वडील खजुराचा डबा घेऊन त्याच्याकडे आले. त्यांचं इंग्रजी जेमतेम, म्हणून माझ्या मोडक्यातोडक्या अरबीची मदत झाली. त्यांना एकच विचारायचं होतं, हिला इजा होईल का. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही हो, सगळी साधनं आहेत. उल्दिस म्हणाला, होईल. गुडघ्याला होईल, बोटांना होईल. आणि जर कधी डोक्याला लागलं, तर मी स्वतः तिला बाहेर काढेन, आणि मी काढलं की तुम्ही तिला परत येऊ देऊ नका. वडिलांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. मला भाषांतर करतानाच घाम फुटला होता. मुलीच्या बापाला कुणी असं सांगतं का? पण पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले.

आमच्या घरीही तो दोन-चारदा जेवला. रुबीनाने एकदा सुके बोंबील तळले होते, तर जिन्यातच थांबून म्हणाला, आई आलीय का माझी? त्यांच्याकडे मासे धुरावर धरून टिकवतात, तसाच वास म्हणे. भाकरी हाताने मोडायला शिकला. रुबीनाने विचारलं, कसा आहेस बेटा, तर तिलाही तेच उत्तर, थोडा घाबरलोय. ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, याला घरात कसली भीती? मी म्हटलं, सवय आहे त्याची.

फेब्रुवारीत त्याला हवा होता तो निरोप आला. देशाच्या मोठ्या संघाचं शिबिर होतं, आणि निवडीच्या यादीत त्याचं नाव होतं. त्यांच्या राजधानीला, रीगाला, जायचं तिकीटही आलं. तो धावत प्लँटरूममध्ये आला, फोन माझ्या हातात दिला. मला त्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याचं नाव मी ओळखलं. जायला चौदा दिवस होते. मधे एकच सामना, शुक्रवारी दुपारी, रियाधच्या एका संघाशी.

त्या सामन्याला मी नेहमीप्रमाणे गेटपाशी, माझ्या यंत्राजवळ उभा होतो. खेळ तीन भागांत होतो. दुसरा भाग संपायला आला असताना समोरचा एक खेळाडू वेगात आला, त्याचा तोल गेला आणि तो पायांकडून उल्दिसवर आदळला. उल्दिस मागे फेकला गेला आणि त्याचं डोकं गोलच्या लोखंडी खांबावर आपटलं. हेल्मेट होतं. तरी तो आवाज मला गेटपर्यंत ऐकू आला. शिट्टी झाली. तो उठून बसला, मारेकनी बोटं दाखवली, त्याने बरोबर मोजली. उरलेली दोन मिनिटं तो खेळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुट्टीत मी यंत्र फिरवायला लागलो. दर भागानंतर बाजू बदलतात, म्हणजे गोलकीपरने पलीकडच्या गोलमध्ये जायचं असतं. तिसरा भाग सुरू व्हायची वेळ झाली, आणि उल्दिस सरळ त्याच जुन्या गोलकडे गेला. खरवडायला लागला. तेवढ्यात रियाधचा गोलकीपरही तिथं येऊन उभा राहिला. एका गोलमध्ये दोघं. लोक हसले, रियाधवाला हसला, उल्दिसही हसला आणि काठी उंच करून पलीकडे गेला. सगळ्यांना वाटलं गंमत केली. मी मात्र यंत्राच्या सीटवरून उठून उभा राहिलो. पाचव्या वर्षापासून जो माणूस हे करतोय, त्याला आपला गोल कुठला हे कळलं नाही. आणि तो हसला होता, पण त्याआधी त्याने चारी बाजूंना ज्या नजरेने बघितलं, ती गमतीची नजर नव्हती. हे मैदान कुठलं, असं विचारणारी नजर होती.

सामना आमचा संघ जिंकला. थोड्या वेळाने तो प्लँटरूममध्ये आला आणि बादलीवर बसला.

मी विचारलं, ‘उल्दिस, कसा आहेस?’

‘मी ठीक आहे,’ तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

मग त्याने विचारलं, आपण जिंकलो का. मी हो म्हटलं. तो खूश झाला. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, आपण जिंकलो का. मी पुन्हा हो म्हटलं, आणि तो पुन्हा तितकाच खूश झाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मारेकना बोलवायला उठलो. त्याने माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात, की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. तेवढ्यापुरता तो अगदी शुद्धीवर होता.

‘त्यांना सांगू नका,’ तो म्हणाला. ‘हे डोक्याला लागणं तिसरं आहे. दोन आधी झालीत. तिसरं कळलं तर मला कुणी उभं करणार नाही. चौदा दिवस. फक्त चौदा दिवस गप्प राहा.’

एकोणिसाव्या वर्षी काय झालं होतं ते मला असं कळलं. त्याच्या हिशेबात चौदा दिवसांतले किती सरले हेही त्याच्या लक्षात नव्हतं. खरं तर नऊच उरले होते.

मी त्याला घरी आणलं. आमच्या मुलांच्या खोलीत पडदे ओढून झोपवलं, कारण उजेड त्याला सहन होत नव्हता. दवाखान्यात चल म्हटलं की तो भिंतीकडे तोंड करायचा. रुबीनाने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, ‘याच्या आईला ठाऊक आहे का?’ मी नाही म्हटलं. ‘मग आपल्याकडे काही झालं तर तिला कोण सांगणार? तुम्ही?’ मी त्याला शब्द दिला नव्हता, पण सांगितलंही नव्हतं. मारेकचा फोन आला तर मी म्हटलं, जेवायला आलाय आमच्याकडे, दमलाय जरा. हे मी केलं, आणि ते लिहून ठेवलंच पाहिजे.

तिसऱ्या दिवशी तो सरावाला उतरला. मी काम सोडून काचेपाशी उभा राहिलो. समोरून येणारे पक तो अडवत होता. मग डावीकडून एकाने सहज, काहीही जोर न लावता एक पक सरकवला. उल्दिसच्या गुडघ्याजवळून तो जाळीत गेला आणि उल्दिस हललाच नाही. चुकला असं नव्हे. त्याला तो आलेलाच कळला नाही. पुन्हा डावीकडून आला, पुन्हा तेच. नूफ त्या दिवशी सराव बघायला आली होती, पलीकडे उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिलाही दिसलं होतं. तिसरा पक त्याच बाजूने, पण खांद्याच्या उंचीवर, जोरात गेला. कानाच्या इतक्या जवळून, की माझे हात काचेवर आपटले.

सराव संपल्यावर मी प्लँटरूममध्ये गेलो आणि कॉम्प्रेसर बंद केला.

वर्षानुवर्षं तो प्लँट मी एक दिवस बंद पडू दिला नव्हता. त्या दिवशी झडपही फिरवली. सकाळी बर्फावर पाणी सुटलं होतं. मी मॅनेजरना सांगितलं, नळीत गळतीचा संशय आहे, सगळी लाइन तपासावी लागेल, मैदान बंद. मॅनेजर सौदी, तरुण, कामाला कडक. किती दिवस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघावं लागेल. दिवसभर मी हातात पाना घेऊन उगाच इकडून तिकडे फिरत होतो. खोटं उघडं पडलं तर काय होईल हे मला पाठ होतं. कफील, म्हणजे माझा इथला जामीनदार, एक कागद करील, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द होईल, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून आम्ही हर्णैच्या वाटेला लागू. दारात कुणाची सावली पडली तरी मी दचकायचो. दुसऱ्या दिवशी बाहेरून तपासणीला माणूस बोलवू का, असं मॅनेजरनी विचारलं. एक दिवस द्या, म्हटलं.

त्याच दुपारी उल्दिस आला. बादलीवर बसला नाही. त्याने कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला, काटे बघितले, मग खाली वाकून झडप बघितली. सहा महिने तिथं बसून तो सगळं शिकला होता.

‘गळती कुठे आहे?’ त्याने विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘तुम्ही बंद केलंत.’

‘हो.’

तो मारील असं मला वाटलं. त्याच्या मुठी वळल्या होत्या. त्याच्या भाषेत तो काहीतरी ओरडला आणि बादलीला लाथ मारली. मी दारापाशी सरकलो, खोटं कशाला सांगू. मग तो एकदम भिंतीला टेकून खाली बसला, गुडघे पोटाशी घेऊन. यंत्र बंद असल्यामुळे ती खोली भयंकर शांत होती.

‘तुम्हाला वाटतं मी पकला घाबरतो,’ तो म्हणाला. ‘पकला सगळेच घाबरतात. मी त्या दिवसाला घाबरतो, ज्या दिवशी मला कुणी गोलमध्ये उभं करणार नाही. पाच वर्षांचा होतो मी. त्याच्या आधीचं मला काही आठवत नाही. दुसरा उल्दिस कसा असतो ते मला माहीतच नाही.’

मी म्हटलं, ‘नूफच्या वडिलांना तू काय सांगितलं होतंस? डोक्याला लागलं तर तू तिला बाहेर काढशील. मग तुला कोणी काढायचं?’

तो म्हणाला, या खोलीचा डावीकडचा दरवाजा त्याला नीट दिसत नाही, डावीकडचं काहीच नाही, सामन्याच्या दिवसापासून. अगदी हळू म्हणाला. हे सांगितल्यावर त्याचे दात वाजायला लागले. त्या कोंदट, बंद प्लँटरूममध्ये. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, ‘मारेकना मी सांगतो. तुम्ही नको.’

तो गेला तसा मी मॅनेजरकडे गेलो. खरं काय ते सगळं सांगून टाकलं, उभ्यानेच. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं, मग विचारलं, ‘बर्फ पुन्हा कधी तयार होईल?’

‘उद्या दुपारपर्यंत.’

‘खलास,’ ते म्हणाले, म्हणजे अरबीत ‘झालं, विषय संपला’, आणि समोरचा कागद ओढून वाचायला लागले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण पुढचे कितीतरी आठवडे त्यांनी हाक मारली की माझा जीव वरखाली व्हायचा.

दवाखान्यात दोन दिवस तपासण्या झाल्या. मारेक आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. मारेक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, मी बोटं दाखवली होती, त्याने मोजली होती. डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं, की डोळ्याचं हळूहळू सुधारेल. गोलमध्ये मात्र पुन्हा कधीच नाही. चौथ्यांदा लागलं तर, एवढं म्हणून ते थांबले, आणि आमच्यापैकी कुणीच त्यांना पुढचं विचारलं नाही.

आईला फोन त्याने प्लँटरूममधून केला. मी उठून जात होतो तर हाताने थांबा म्हणाला. त्यांच्या बोलण्यातला ‘मम्मा’ एवढा एकच शब्द मला कळला. तो तिला समजावत होता, की ती त्याला, ते सांगता येत नाही. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला होता आणि त्या आवाजात तो मोठमोठ्याने बोलत होता.

जायच्या आधी तो महिनाभर राहिला. बर्फावर उतरायची बंदी होती, म्हणून काचेच्या बाहेरून नूफला शिकवायचा. तिच्या वडिलांनी हे सगळं कळल्यावर दोन शनिवार तिला आणलंच नाही. तिसऱ्या शनिवारी आणलं. ते उल्दिसजवळ येऊन उभे राहिले, आणि आपलं जाडजूड जाकीट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघत होते, आणि दर पकला दोघांच्याही माना एकदम मागे जात होत्या. त्या महिन्यात कसा आहेस विचारलं तर तो नुसती मान हलवायचा. ना हो, ना नाही. मला ते जुनं उत्तर बरं वाटलं असतं.

विमान दुपारचं होतं. दम्मामच्या विमानतळावर मी त्याला सोडायला गेलो. थांबू नका म्हणाला, आणि मिठी मारून आत गेला. मी वर गेलो. तिथून खालचा तपासणीचा भाग काचेतून दिसतो. त्याचं सामान पट्ट्यावरून पुढे गेलं, तो पलीकडे निघाला, आणि एका बाकावर बूट घालायला बसला. एक बूट घातला. दुसरा हातातच राहिला. मग त्याने तो बूट मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. लोक बॅगा ओढत त्याच्या समोरून जात होते. मी काचेच्या अलीकडे. खाली जायला वाट नाही, हाक पोचणार नाही. मी वेड्यासारखा काच ठोकत होतो, आणि एक शिपाई माझ्याकडे बघायला लागला म्हणून थांबलो.

तेवढ्यात फरशी पुसणारा एक माणूस तिथं आला. आपल्याकडचाच कुणी, बंगाली असावा, वयस्कर, निळ्या गणवेशातला. त्याने पोछा भिंतीला टेकवला, इकडेतिकडे बघितलं आणि उल्दिसच्या शेजारी बसला. काहीतरी विचारलं. उल्दिसने हात खाली घेतले. एक बोट आपल्या डोक्याला लावलं आणि बोलायला लागला. हातांनी दाखवत होता, खांब कसा, पडलो कसा. तो माणूस ऐकत होता. एक-दोनदा त्याने मान डोलावली. इंग्रजी त्याला किती कळत होतं कोण जाणे. मग त्याने उल्दिसच्या मांडीवरचा बूट उचलून खाली, त्याच्या पायापाशी ठेवला.

उल्दिसने बूट घातला, नाडी बांधली. उठला, त्या माणसाशी हात मिळवला आणि बॅग खांद्याला लावून विमानाच्या गेटच्या दिशेने चालायला लागला. डाव्या हाताने भिंत चाचपत, जरा सावकाश. वळणापर्यंत मला तो दिसत होता.